एरर ०.३१, तरी बंब घसरतोय: मॅचमूव्ह ‘स्लाइड’ होतं तेव्हा काय तपासायचं

“ताई, एरर ०.३१ आलाय. तरी बंब जागेवर राहत नाही.”

बंबाच्या जागी कधी रोबो असतो, कधी गाडी, कधी डायनोसॉर. तक्रार मात्र तीच, आणि मॅचमूव्ह (शूट केलेल्या व्हिडिओवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधून त्यात थ्रीडी वस्तू बसवणं) शिकणाऱ्या प्रत्येकाकडून कधी ना कधी ऐकावी लागते. या वेळचा शॉट पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरचा होता. मोबाइल हातात धरून घेतलेला, नऊ सेकंदांचा, म्हणजे ३० एफपीएसने (सेकंदाला ३० फ्रेम) २७० फ्रेम. त्यात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून तांब्याचा बंब कठड्याजवळ ठेवायचा होता. ट्रॅक झाला (चित्रातल्या ठळक जागांवर मार्कर ठेवून त्या फ्रेमगणिक धरल्या), सॉल्व्ह झालं (त्यावरून कॅमेऱ्याची हालचाल काढली), एररचा आकडा झकास आला. प्ले केलं तर बंब कोणीतरी दोरीने ओढल्यासारखा हळूहळू डावीकडे सरकायचा.

हा शॉट करणाऱ्या मुलाने तीन दिवस एकच उपाय केला. जास्त एरर असलेले मार्कर उडवायचे, परत सॉल्व्ह मारायचं, आकडा अजून खाली आणायचा. ०.३१ चा ०.२४ झाला, बंब सरकतोच आहे.

तेव्हा आधी या आकड्याबद्दल बोलू. तुम्ही चित्रावर एका जागी मार्कर ठेवता. सॉफ्टवेअर त्याची त्रिमितीतली जागा ठरवतं, कॅमेऱ्याची जागा ठरवतं, आणि तो बिंदू त्या कॅमेऱ्यातून परत चित्रावर टाकून बघतं. मूळ मार्करपासून तो सरासरी किती पिक्सेल लांब पडला, तो तुमचा एरर. बस्स. खोली बरोबर आहे का, भिंत जमिनीला काटकोनात आहे का, कॅमेरा खरोखर तेवढाच चालला का, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. वाईट मार्कर उडवून आकडा सुधारणं म्हणजे दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणं. निकाल लागतो, शाळा सुधारत नाही.

त्यात फोकल लेंथ (लेन्सला किती रुंद कोन दिसतो ते ठरवणारा आकडा), ऑप्टिकल सेंटर (लेन्सचा मध्य), डिस्टॉर्शन (लेन्समुळे येणारा वाकडेपणा) या सगळ्यांवर ‘रिफाइन’ची, म्हणजे सॉल्व्हरने ते आपणहून बदलावेत याची, खूण केली असेल तर सॉल्व्हरला थापा मारायला आणखी वाव मिळतो. मार्कर कमी आणि सूट जास्त असली की आकडा खाली येणारच.

आकडा बाजूला ठेवा आणि वस्तू नेमकी कधी, कुठे आणि कशी घसरते ते बघा. निदान तिथूनच होतं.

आधी हे ठरवा: ट्रॅक चुकलाय की ठेवणं चुकलंय?

ही पायरी सोडून लोक थेट सॉल्व्हच्या मागे लागतात. मीही पहिल्या नोकरीत एक अख्खी रात्र अशीच घालवली आहे. सकाळी सुपरवायझर आला, त्याने व्ह्यूपोर्ट (सीन दाखवणारी खिडकी) वरून बघायच्या दिशेला फिरवला, हसला आणि चहाला निघून गेला. माझी गाडी रस्त्यावर नव्हतीच. रस्त्याच्या दीड मीटर वर, कॅमेऱ्याच्या जवळ, हवेत लटकत होती.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. चिमटीत चंद्र पकडल्याचा फोटो काढतो ना आपण? तसंच आहे हे. अर्ध्या अंतरावर ठेवलेली अर्ध्या आकाराची वस्तू कॅमेऱ्यातून तंतोतंत तशीच दिसते. एका फ्रेमवर सगळं जुळतं. कॅमेरा चालू लागला की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि तुम्हाला वाटतं ट्रॅक घसरला.

तपासायचं असं: सॉल्व्ह झालेल्या आठ-दहा बिंदूंवर छोटे शंकू ठेवा. अगदी त्या बिंदूंवरच, डोळ्यांनी अंदाज घेऊन जवळपास नाही. मग प्ले करा. शंकू चिकटून राहिले आणि बंबच सरकला, तर ट्रॅकला हात लावू नका, बंब चुकीच्या खोलीवर आहे. शंकूही सरकले तर पुढे वाचा.

बंब बसवताना त्याच्या तळाशी असलेला एखादा खरा बिंदू धरा आणि त्यावर स्नॅप करा. ब्लेंडरमध्ये ‘सेट फ्लोअर’साठी (जमीन कुठे ते ठरवायला) तीन मार्कर निवडावे लागतात. ते एकमेकांपासून जितके लांब घ्याल तितकं बरं. तिन्ही एकाच कोपऱ्यात घेतले तर त्यांच्यातली अर्ध्या पिक्सेलची चूक गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हातभर होते आणि जमीन तिरकी होते. गच्चीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून कोब्याला उतार दिलेला असतो. त्यामुळे कठडा उभा आणि जमीन जरा तिरकी, हे सॉल्व्हमध्ये दिसलं तर घाबरू नका, गवंड्याने काम नीट केलंय. बंब ज्या ठिकाणी ठेवायचा तिथल्या उताराला लावून बसवा.

शंकूही सरकतायत. कसे?

*सुरुवातीपासून शेवटपर्यंत, संथ, एकाच बाजूला.* संशय पहिला फोकल लेंथवर, आणि मोबाइलच्या शॉटमध्ये तर बहुतेक वेळा तिथेच. लोक फोटोच्या माहितीत दिसणारा ‘२४ मिमी’ किंवा ‘२६ मिमी’ आकडा उचलतात, सेन्सरची रुंदी ३६ मिमी भरतात आणि निवांत होतात. तो आकडा फोटोचा असतो. व्हिडिओ घेताना तोच मोबाइल सेन्सरचा कमी भाग वापरतो, १६:९ साठी वरखाली कापतो, आणि स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर लपवणारी सोय) चालू असेल तर चारी बाजूंनी आणखी कापतो. म्हणजे प्रत्यक्षात दिसणारा कोन अरुंद झालेला असतो.

यावर घरगुती उपाय आहे आणि त्याला एक मेजरटेप पुरते. ज्या सेटिंगवर शॉट घेतलाय त्याच सेटिंगवर मोबाइल भिंतीसमोर सरळ धरा, लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, आणि चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भिंतीची किती रुंदी दिसते ते मोजा. अंतराला ३६ ने गुणा आणि दिसणाऱ्या रुंदीने भागा. समजा अंतर २ मीटर आणि रुंदी २.६ मीटर आली, तर ३६ गुणिले २ भागिले २.६, म्हणजे २७.७. सेन्सर ३६, फोकल लेंथ २७.७ असं भरा. सेन्सर खरोखर ३६ मिमीचा नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण कोन ठरतो तो दोघांच्या गुणोत्तरावर, त्यामुळे चालतं.

मोठ्या कॅमेऱ्यातही हा घोळ होतोच, फक्त महाग पडतो. अ‍ॅलेक्सा मिनी या सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची ‘ओपन गेट’मध्ये (पूर्ण सेन्सर वापरणाऱ्या मोडमध्ये) वापरली जाणारी रुंदी २८.२५ मिमी आहे. तोच कॅमेरा ३.२के या रेकॉर्डिंग मोडमध्ये चालवला तर २६.४० मिमी. कॅमेरा रिपोर्टवर नुसतं ‘अ‍ॅलेक्सा मिनी, ३५ मिमी’ लिहिलेलं असेल आणि ३.२के च्या शॉटला तुम्ही २८.२५ भरलंत, तर तुमची ३५ ची लेन्स जुळायला साडेसदतीसच्या आसपास जावी लागते. लेन्स चुकीची नसते, सेन्सर चुकीचा भरलेला असतो. रिपोर्टवर रेकॉर्डिंग मोड लिहिला नसेल तर संकोच न करता विचारा.

फोकल लेंथ चुकली की एरर फार वाढत नाही, हीच खरी पंचाईत. सॉल्व्हर दृश्याची खोलीच बदलून टाकतो. फोकल लेंथ जास्त धरली तर खोली लांबते, कमी धरली तर चेपते. त्यामुळे नेहमी दोन मापं घ्या, एक आडवं, एक कॅमेऱ्यापासून लांब जाणारं. आमच्या गच्चीवर कठड्याची लांबी आणि कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचं अंतर अशी दोन मापं होती. कठड्यावरून स्केल लावलं आणि मग टाकीचं अंतर तपासलं. टेपने ४.२ मीटर भरलेलं अंतर सॉल्व्हमध्ये ३.३ आलं. खोली चेपली गेली होती. एरर ०.२४ असताना!

*चौकटीच्या मध्यावर ठीक, कडेला गेलं की पोहल्यासारखं.* हे लेन्स डिस्टॉर्शन. दाराची चौकट, कठडा, विजेचा खांब, जे खऱ्या जगात सरळ आहे त्याला कडेजवळ पट्टी लावून बघा. वाकलेलं दिसत असेल तर आधी ते सरळ करायला हवं. शक्य असेल तर त्याच लेन्सने चौकटींचा ग्रिड शूट करून घ्या. ते नसेल तर सरळ रेषांवरून डिस्टॉर्शन काढा, पण के१, के२, के३ (डिस्टॉर्शन किती ते सांगणारे आकडे) सगळे एकदम मोकळे सोडू नका. आधी के१ पुरतो का बघा.

मुख्य लेन्सचं डिस्टॉर्शन मोबाइल बहुधा आतल्या आतच सुधारून देतो. अशा सरळ झालेल्या चित्रावर के१, के२ रिफाइन करायला लावलं, तर सॉल्व्हर फोकल लेंथची चूक डिस्टॉर्शनमध्ये लपवतो. ०.३१ चा आकडा असाच जमला होता.

अजून एक चूक ट्रॅकिंगची नाही, कंपोझिटिंगची (वस्तू आणि चित्रण एकत्र जोडण्याची) आहे, पण शिव्या मॅचमूव्हवाल्याला बसतात. कॅमेरा सॉल्व्ह झालेला असतो सरळ केलेल्या प्लेटवर (शूट केलेल्या चित्रणावर) आणि बंब चिकटवला जातो मूळ वाकड्या प्लेटवर. मग कडेला घसरणार नाही तर काय होणार? एक तर सगळं काम सरळ प्लेटवर करा, नाहीतर रेंडर झालेल्या बंबाला तीच डिस्टॉर्शन परत द्या. परत देताना कडा आत ओढल्या जाऊन रिकाम्या पडू शकतात, म्हणून रेंडर चौकटीपेक्षा थोडं मोठं काढायचं.

*कॅमेरा जोरात वळतो तेव्हाच लचकतं, थांबला की जागेवर.* रोलिंग शटर. मोबाइलचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जातो. मधल्या वेळात कॅमेरा हलला की उभा खांब तिरका होतो. पॅनच्या फ्रेमवर थांबून एखादा खांब बघा, तो कललेला दिसला की समजा. सिंथआईज आणि थ्रीडी इक्वलायझर या मॅचमूव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये रोलिंग शटरसाठी सोय आहे. शिकताना मात्र सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे परत गच्चीवर जाऊन सावकाश शूट करणं. नऊ सेकंदांचा शॉट आहे, जिने चढायला त्याहून जास्त वेळ लागतो.

याच्याच जोडीला येतं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन. ते प्रत्येक फ्रेम वेगळ्या जागी कापतं, गरज पडली तर पिळतंही. सॉल्व्हर धरून चालतो की लेन्सचा मध्य चित्रात एकाच जागी आहे. इथे तो दर फ्रेमला इकडेतिकडे पळतो. ओळखायची खूण अशी की हात थांबल्यावरही चित्र क्षणभर तरंगत राहतं. यावर नंतर करता येण्यासारखा चांगला उपाय नाही, स्पष्टच सांगते. शूट करतानाच बंद ठेवायचं. मोबाइलच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये ते नीट बंद होत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप घ्या. त्यात स्टॅबिलायझेशन, शटर, फोकस आणि लेन्स हाताने ठरवता येतात. लेन्स ठरवणं महत्त्वाचं, कारण वस्तू जवळ आली की मोबाइल परस्पर दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो.

*सगळं छान, फक्त १४२ व्या फ्रेमवर टुणकन उडी.* त्या फ्रेमवर कोणता मार्कर सुरू होतो किंवा संपतो ते बघा. भक्कम मार्कर अचानक गेला की सॉल्व्हरचा तोल दुसरीकडे जातो. त्याचं वजन आठ-दहा फ्रेममध्ये हळूहळू शून्यावर आणा, उडी विरघळते.

मार्कर निर्दोष निघाले तर प्लेट तपासा. मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतो. कुठे एक फ्रेम दोनदा येते, कुठे एक गळते. दोनदा आलेल्या फ्रेमवर कॅमेरा थबकतो आणि पुढच्या फ्रेमला दुप्पट उडी मारतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून व्हिडिओ बदलून घ्या, त्या व्हिडिओतून पीएनजी सिक्वेन्स (दर फ्रेमचं वेगळं चित्र) काढा आणि त्यावरच ट्रॅक करा. थेट एमपी४ वर ट्रॅक करायची सवय आजच सोडा. आणि प्लेट व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर वरचं काहीच करू नका, मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या व्हिडिओत कोब्याची रेघ चौकोनी ठोकळ्यांची झालेली असते, तिला मार्कर कशाला धरणार?

*सगळीकडे बारीक थरथर.* बहुतेक वेळा अंधारातला शॉट आणि नॉइज (चित्रातले दाणे). ट्रॅकिंगसाठी प्लेटची नॉइज काढलेली प्रत वापरा आणि मार्करच्या पॅटर्नची चौकट थोडी मोठी करा.

मार्कर कुठे ठेवता यावर निम्मं काम

ऑटो-डिटेक्ट मारलं की सॉफ्टवेअर जिथे काळंपांढरं ठळक दिसेल तिथे मार्कर टाकतं. त्याला काय माहीत की ते वाळत घातलेल्या साडीचा काठ आहे, कबुतर आहे की स्टीलच्या टाकीवरची चमक. चमक तर कॅमेऱ्याबरोबर चालते, तिच्यावरचा मार्कर कधीच खरा नसतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे खोटा कोपरा. समोरून केबलची तार जाते आणि मागे लांबच्या इमारतीची कड दिसते. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे सुरेख कोपरा तयार होतो, मार्कर तो शेवटपर्यंत घट्ट धरतो, एररही कमी दाखवतो. तो कोपरा जगात कुठेच नाही. कॅमेरा हलला की तो तारेवरून सरकत जातो. आपल्या शहरांतल्या गच्च्यांवर तारांचं जंजाळ बघता, असे मार्कर दहातले तीन-चार तरी निघतातच, निदान माझ्या हाताखालच्या मुलांच्या शॉटमध्ये. एकेक करून हाताने तपासा. नुसत्या सरळ कडेवर मार्कर ठेवला तरी हेच होतं, तो कडेच्या दिशेने मोकळाच असतो.

धरायचं काय? कठड्याचे पोपडे, कोब्यातल्या भेगा, पाइपाचे क्लॅम्प, खिडकीच्या गजांचे सांधे. शहाबादी फरशी असेल तर नशीब काढलंत, प्रत्येक सांध्याला कोपरा मिळतो. पण सगळे मार्कर जमिनीवरच ठेवू नका. एकाच पातळीतल्या बिंदूंवरून सॉल्व्हरला फोकल लेंथ आणि खोली यांची फोड नीट करता येत नाही. थोडे जवळ, थोडे कठड्यावर उंच, थोडे समोरच्या इमारतीवर असे पसरा. ब्लेंडरला दोन्ही कीफ्रेममध्ये (सॉल्व्हची सुरुवात ज्या दोन फ्रेमवरून होते त्यांत) किमान आठ सामाईक ट्रॅक लागतात. आठावर काम होतं हे खरं, पण मी नऊ सेकंदांच्या शॉटला पंचवीस-तीस हाताने जपलेले, लांबपर्यंत टिकणारे ट्रॅक घेते. दोनशे ऑटो ट्रॅकपेक्षा ते बरे.

कीफ्रेम ए आणि बी निवडताना दोन्हींमध्ये कॅमेऱ्याने जागा बदललेली हवी. एकाच जागी उभं राहून नुसती मान फिरवली असेल तर पॅरलॅक्सच (जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकणं) नाही, आणि पॅरलॅक्स नाही म्हणजे खोली काढायला काही आधारच नाही. असा शॉट ‘ट्रायपॉड’ म्हणून सॉल्व्ह करा. साध्या पद्धतीने रेटलात तर बिंदूंचा ढग असा विचित्र येतो की बघून हसू येतं.

आणि काही वेळा ट्रॅकचा दोषच नसतो

प्लेट फ्रेम १००१ पासून सुरू होते आणि सीन १ पासून, किंवा कुठेतरी एका फ्रेमचा फरक पडलाय. एका फ्रेमचा फरक संथ शॉटमध्ये कळतही नाही, झटका आला की वस्तू आधी किंवा नंतर हलते. शॉटमधला सगळ्यात मोठा झटका शोधा आणि तिथे फ्रेम मोजा.

मोशन ब्लरही बघा. भर दुपारी मोबाइलने फार वेगवान शटर वापरलं असेल तर प्लेट कोरीव असते आणि तुमचा बंब धूसर, किंवा संध्याकाळी उलट. डोळा त्याला घसरणंच म्हणतो. बंबाखाली जमिनीला टेकलेली सावली नसेल तरी तो तरंगल्यासारखा वाटतो. मी कित्येकदा ‘ट्रॅक दुरुस्त कर’ असा शेरा आलेल्या शॉटमध्ये फक्त तळाची सावली घालून मंजुरी मिळवली आहे. (सुपरवायझर वाचत असतील तर माफ करा.)

आमच्या बंबाचं काय झालं? दोन चुका एकात एक अडकल्या होत्या. फोकल लेंथ फोटोवरून २४ भरली होती, टेपने मोजल्यावर स्टॅबिलायझेशनच्या कापाकापीसकट ३०.६ आली. आणि बंब जमिनीला टेकल्यासारखा दिसत असला तरी वरून पाहिल्यावर कॅमेऱ्याच्या बाजूला ४० सेंटिमीटर पुढे, अधांतरी निघाला. फोकल लेंथ ३०.६ वर कायम केली, के१, के२ वरच्या रिफाइनच्या खुणा काढल्या, तारेवरचे सहा खोटे कोपरे उडवले, उडवलेले खरे मार्कर परत आणले. टाकीचं अंतर ४.१५ मीटर आलं. एरर वाढून ०.५२ झाला. मुलाचा चेहरा पडला. मग बंब कोब्यावरच्या एका भेगेच्या बिंदूवर बसवला आणि प्ले केलं. जागचा हलला नाही. फक्त दोनशेव्या फ्रेमच्या आसपास, जिथे हात जोरात वळलाय, तिथे अजून किंचित लचकतो, कारण स्टॅबिलायझेशन प्लेटमध्येच भाजलेलं आहे.

तेवढ्या वीस फ्रेमसाठी शेवटचा जुगाड केला. बंबाच्या तळाजवळची भेग प्लेटवर टूडी ट्रॅक केली, तोच बिंदू रेंडरमध्ये कुठे पडतो ते काढलं, आणि दोघांतला फरक कंपोझिटिंगमध्ये बंबाच्या थराला दिला. वस्तू चौकटीत लहान असेल, फ्रेम थोड्या असतील, तर हे बिनधास्त करा. वस्तू मोठी असेल किंवा कॅमेरा तिच्याभोवती फिरत असेल तर नका करू, तळ चिकटतो आणि डोकं डुलायला लागतं.